साडूचं पांढरं रिव्हॉल्व्हर

माझ्या आयुष्यात मी फार लोकांचा हेवा केला नाही. एकाच माणसाचा केला, पण तो मन लावून केला. तो माणूस म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, देवळ्याचा कांद्याचा व्यापारी, वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याची जीप मी सहन केली. त्याचं गडगडाटी हसणं सहन केलं. सासुरवाडीला गेलो की सासूबाई माझ्या ताटात पोळी वाढायच्या आणि त्याच्या ताटात पोळीवर तूप ओतत उभ्या राहायच्या, तेही सहन केलं. पण त्याच्या हातातलं ते टोपीचं रिव्हॉल्व्हर मला सहन झालं नाही.

तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होतो. लेथवरून उतरलेले भाग माझ्या टेबलावर यायचे, मी ते मोजायचो आणि पास की नापास ते ठरवायचो. मी नापास केलेला भाग वरच्या साहेबानं पास केला, असं एकदाही झालं नाही. खंडेनवमीला सगळा कारखाना झेंडूच्या माळांनी सजायचा, मशिनांना हळदीकुंकू लागायचं, पण मापं तपासायच्या माझ्या गेजना मी ओल्या कुंकवाचं बोट लावू देत नसे. नुसतं फूल ठेवा म्हणायचो. ओलं कुंकू तसंच राहिलं तर लोखंडावर डाग पडतो. लोक मला चिकित्सक म्हणायचे. पाठीमागे याहून वाईट काहीतरी म्हणत असणार.

छंद लागला तो वडिलांच्या बंदुकीमुळे. पेठ तालुक्यात आमची डोंगरउताराची शेती होती आणि रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांकडे परवान्याची एकनळी ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग छरे ठासायचे, मागच्या टोकावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाऊन बार उडायचा. वडिलांनंतर बंदूक माझ्या नावावर झाली. मी ती डुकरावर कधी चालवली नाही. रविवारी उलगडायची, तेल द्यायचं, परत जोडायची, एवढंच माझं शिकारीपण.

पुढे मेनरोडजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मला परदेशी बंदुकांचं एक जाडजूड मासिक मिळालं. त्यात कळलं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत अशाच टोपीवर चालणारी सहाबारी रिव्हॉल्व्हरं होती. ती जुनी आणि दुर्मिळ झाल्यावर इटलीतल्या कारखान्यांनी त्यांच्या हुबेहूब नकला काढल्या, हौशी लोकांना नेमबाजीसाठी. बहुतेक नकला साध्या पोलादाच्या, वर काळा-निळा रंग चढवलेल्या. पण काळी दारू पोलाद खाते. एकदा बार काढून नळी तशीच ठेवली की दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून काही थोडी रिव्हॉल्व्हरं स्टेनलेस स्टीलची केली गेली. स्टेनलेस कापायला कठीण, हत्यारांची धार जाते, खर्च वाढतो. त्यामुळे ती थोडीच निघाली. मी कारखान्यात रोज स्टेनलेसशी झगडत होतो. शंभर वर्षांपूर्वीचा आकार आणि आजचा धातू, हे लग्न मला फार आवडलं.

मग मी परदेशी दुकानांना पत्रं लिहून कॅटलॉग मागवू लागलो. बरेचसे फुकट यायचे. शंभर पानी वही केली. इटलीच्या सरकारी तपासणीचे शिक्के कसे असतात, चौकटीतल्या दोन अक्षरांवरून सालाचा पत्ता कसा लागतो, कुठल्या कारखान्याची नळी अष्टकोनी आणि कुणाची गोल, स्टेनलेस आणि निकेलचा मुलामा यांत फरक कसा करायचा, सगळं आकृत्या काढून लिहिलं. निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब असते, स्टेनलेस करडं-पांढरं दिसतं. मुलाम्याखालच्या कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्टेनलेसवरच्या बोटाला लागतात. चुंबकाचा उपयोग नाही, कारण या रिव्हॉल्व्हरांचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. दुर्मिळ टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचा मी नाशकातला एकमेव संग्राहक होतो. फक्त माझ्याकडे रिव्हॉल्व्हर एकही नव्हतं.

कारण परवाना. बंदुकीचा पीक राखण्याचा परवाना वेगळा आणि रिव्हॉल्व्हरचा वेगळा. मी अर्ज केला की कलेक्टर कचेरीतून विचारणा यायची, जिवाला धोका कोणाकडून? माझ्या जिवाला कोणाकडूनच धोका नव्हता, हीच माझी अडचण. छंद म्हणून लिहिलं तर कारकून हसला. दोन अर्ज नामंजूर झाले. आणि त्याच सुमारास साडूला पहिल्या अर्जात परवाना मिळाला, कारण तो बाजार समितीतून रोख रक्कम घेऊन जीपनं फिरायचा. त्याला घोडा कुठला आणि चाप कुठला हेही ठाऊक नव्हतं. परवाना मिळाल्यावर त्यानं मला पत्र टाकलं, साडूभाऊ, आता चांगलं रिव्हॉल्व्हर कोणतं ते तुम्हीच सांगा. मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. माझ्या पोटात खरोखरच दुखत होतं, बायकोनं ओवा दिला.

हत्यारं बघायची माझी एक जागा मात्र होती, ती म्हणजे पोलीस ठाणं. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत. लोक कुरकुरत रांगेत उभे राहायचे. मी सकाळीच जाऊन बसायचो. तिथल्या हवालदाराला हत्यारांचं वर्णन लिहिणं म्हणजे डोकेदुखी होती, शिक्के वाचता यायचे नाहीत. पहिल्या निवडणुकीत मी त्याला मदत केली आणि दुसऱ्या निवडणुकीपासून तो मला शेजारी खुर्चीच द्यायला लागला. प्रत्येक हत्यार माझ्या हातातून जायचं, मी वर्णन सांगायचो, तो लिहायचा. इतर लोकांना जे प्रदर्शनात जाऊन मिळतं ते मला तिथं मिळायचं.

ऐंशी सालच्या लोकसभेच्या निवडणुकीआधी गंगापूर रोडवरचे एक वयस्क डॉक्टर रांगेत आले. इंग्लंडमध्ये आयुष्य काढून नुकतेच कायमचे परतले होते, आणि अशा लोकांना घरसामानाबरोबर एक हत्यार आणायची तेव्हा मुभा होती. त्यांनी फडक्यातून रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं आणि माझा हात थांबला. अष्टकोनी नळी. जुन्या नौदल नमुन्याची बांधणी. सहा बार भरायच्या फिरत्या चक्राभोवती जहाजांच्या लढाईचं बारीक कोरीवकाम. नळीवर फक्त काळी दारू वापरा असा इंग्रजी शिक्का, आणि सगळं हत्यार पांढरं. मागे रांग तुंबली होती, मला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळाला नाही. हवालदारानं धातू विचारला नाही, मीही सांगितला नाही. खात्री झाल्याशिवाय मी काही बोलत नसे.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे जायला लागलो. त्यांना हत्याराची हौस नव्हती. तिकडे एका क्लबातल्या मित्रानं निघताना त्यांच्या गळ्यात घातलं होतं. ते त्याला चांदीसारखं म्हणायचे, धातू कोणता त्याचा त्यांना पत्ता नव्हता. मी चहा पीत ते हातात घेऊन बसायचो. एकदा ते म्हणाले की आपल्याला याचा काही उपयोग नाही, परवाना आला की घेऊन जा. एवढ्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. तिसरा अर्ज केला, त्याला डॉक्टरांचं शिफारसपत्र जोडलं. घरात कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि बायकोला सांगितलं की यात काही ठेवू नकोस.

आणि मग मी गाढवपणा केला. खंडेनवमीला साडूकडे देवळ्याला गेलो होतो. त्यांच्याकडे त्या दिवशी पाटावर विळे, कोयते, जुनी तलवार, काकांची बंदूक असं सगळं मांडतात. साडूनं त्या पाटावर स्वतःच्या परवान्याचं पुस्तक मांडलं होतं, अजून हत्यार घेतलं नव्हतं म्हणून. सगळे त्याचं कौतुक करत होते. मला राहवलं नाही. जेवताना मी सांगून टाकलं की नाशकात एक टोपीचं रिव्हॉल्व्हर आहे, असं सबंध जिल्ह्यात दुसरं नाही, आणि ते मला मिळणार आहे. कोणाकडे, हेही सांगितलं. त्याच्या तोंडावर मला एकदा तरी काहीतरी मारायचं होतं. त्यानं डोळे मोठे करून ऐकलं आणि मला आग्रहानं आणखी भात वाढायला लावला.

दोन महिन्यांनी रविवारी दुपारी जीप दारात थांबली. साडू आत आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यातून डॉक्टरांचंच फडकं निघालं. मी फडकं ओळखलं. त्यानं सांगितलं ते असं, की डॉक्टर मुलीकडे बंगलोरला कायमचे निघालेत, बंगला विकायला काढलाय, हत्यार चार-सहा आठवड्यांत कोणाला तरी द्यायचंय. माझा परवाना अजून आलेला नाही, म्हणून ते खंतावले. साडूकडे परवाना आहे. पण डॉक्टरांनी अट घातली होती की आधी तुमच्या साडूंना दाखवून या, त्यांच्याइतकं हे कोणाला कळत नाही. असं हत्यार कोणाच्या हाती सोडणं नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टर भल्या मनाचे होते.

साडू खुर्चीत रेलून बसला.

"साडूभाऊ, तुम्ही हो म्हनले तं घेतो, नाय म्हनले तं आत्ताच्या आत्ता परत नेऊन देतो. मला काय कळतं याच्यातलं?"

हे वाक्य मी आजवर हजारदा ऐकलं असेल, मनातल्या मनात. तो खोटं बोलत नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर तो खरंच गेला असता. डॉक्टरांचे चार-सहा आठवडे शिल्लक होते आणि माझा तिसरा अर्ज साहेबांच्या सहीपर्यंत पोचला आहे असं कारकुनानं सांगितलं होतं. मला फक्त एवढे आठवडे काढायचे होते.

मी कारखान्यातून आणलेली मोरचुदाच्या पाण्याची बाटली काढली. द्राक्षबागेत फवारतात तेच मोरचूद. आम्ही ते खुणा आखायला वापरतो. साध्या लोखंडावर त्याचा थेंब टाकला की तिथं लगेच तांब्याचा लाल थर धरतो, स्टेनलेसवर काही धरत नाही. मी नळीवर थेंब टाकला. लाल झाला नाही. साडू वाकून बघत होता. मी म्हणालो, बाहेर निकेल असेल तरी लाल होत नाही. हे खरंच होतं. खात्री करायची तर आत, जिथं मुलामा नीट पोचत नाही तिथं टाकायला हवा. साडू हातपाय धुवायला मोरीकडे गेला तेवढ्यात मी चक्र काढून त्यातल्या दारू भरायच्या एका घराच्या तळाशी थेंब सोडला आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. स्वच्छ पांढरं. पाण्याचा थेंब तसाच निळा. अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या. चौकटीतली दोन अक्षरं माझ्या वहीतल्या सालाशी जुळत होती. मी तेरा वर्षं कागदावर ज्याच्या आकृत्या काढल्या होत्या ते माझ्या हातात होतं आणि ते माझ्या साडूचं होणार होतं.

तो टॉवेलला हात पुसत आला. मी म्हणालो, निकेल आहे. आत साधं लोखंड. आता झळकतंय, पण पाच-सहा वर्षांत मुलाम्याचा पापुद्रा निघेल आणि खालून गंज येईल. तुम्ही दुसरं काहीतरी बघा.

माझा आवाज इन्स्पेक्शनचा होता. कारखान्यात मी याच आवाजात नापास म्हणायचो.

साडूनं रिव्हॉल्व्हर परत फडक्यात गुंडाळायला घेतलं. मला वाटलं, झालं. मग तो एकदम हसला. डॉक्टरांना त्यानं जवळजवळ शब्द दिला होता आणि म्हाताऱ्या माणसाला आता नाही म्हणणं त्याला जड जात होतं.

"निकेल तं निकेल. मुलामा निघनारच हाय, तं आपुन आधीच त्याच्यावर सोन्याचं पानी चढवू. खंडेनवमीला पाटावर लय शोभंल. तुमच्या नाशकात चांगला मानूस बघा."

माझ्या खोट्याला असा पाय फुटेल हे मला सुचलंच नव्हतं. देवाच्या टाकांना, मुखवट्यांना सोन्याचं पाणी देतात, ते शोभतं, टिकतं. त्याच्या घरातल्या माणसाला हे सुचणं अगदी साहजिक होतं. हत्यार पूजेच्या पाटावर बसतं, मग ते देवासारखं का दिसू नये? मला तेव्हाच सांगता आलं असतं. साडू, थांबा, मी चुकलो, हे स्टेनलेस आहे, याला हात लावू नका. पण मग मी चुकलो कसा, हे सांगावं लागलं असतं. आणि ते जसंच्या तसं त्याच्याकडे राहिलं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्ही दुसरा थेंब आत टाकलात तेव्हा मी दारात होते. लाल झाला नव्हता ना?" मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. ती भांडी घेऊन आत गेली. फसत होतं ते तिच्याच बहिणीचं घर होतं.

व्यवहार रीतसर दुकानातून झाला, परवान्यावर नोंद झाली, आणि महिन्याभरानं मी साडूला सराफ बाजारामागच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे घेऊन गेलो. मुखवट्यांना पाणी देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हत्यार ठेवून जायचं नव्हतं म्हणून आम्ही दोघं तिथंच बाकावर बसलो. उलगडायला मीच घेतलं. नळीखालची पाचर ठोकली, नळी सुटी केली, चक्र काढलं. चक्रावरची जहाजं इतकी बारीक होती की शिडांच्या दोऱ्या मोजता येत होत्या. ते मी कारागिराच्या हातात दिलं.

त्यानं सांगितलं की पाणी धरायला आधी सगळं घासून गुळगुळीत करावं लागेल. यंत्राचं कापडी चाक फिरायला लागलं. तो नळी घासत होता, फक्त काळी दारू वापरा ही अक्षरं पुसट होत गेली, चौकट गेली, चौकटीतली दोन अक्षरं गेली. मग त्यानं चाक थांबवलं, नळी डोळ्यांजवळ धरली.

"साहेब, हे निकेल वाटत नाही. किती घासलं तरी खालून तेच निघतंय. आतपर्यंत असंच दिसतंय मला."

चक्र अजून शिल्लक होतं. जहाजं अजून शिल्लक होती. कारागीर माझ्याकडे बघत होता. मी बोलायच्या आधी साडूच बोलला.

"आमच्या साडूभाऊंचा डोळा चुकत नाय. घासा तुम्ही."

मी म्हणालो, निकेल जाड दिलंय. कारागिरानं खांदे उडवले आणि चक्र चाकाला लावलं. मी बघत राहिलो. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं. एक एक जहाज जात होतं तसं माझ्या पोटातलं दुखणं कमी होत होतं. आता त्याच्याकडे जे उरणार होतं त्याचा हेवा करावा असं त्यात काही नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन मी वही उघडली आणि शेवटच्या पानावर सगळं लिहून ठेवलं. नमुना, क्रमांक, चौकटीतली अक्षरं, चक्रावरची किती जहाजं मला आठवत होती ती. खाली लिहिलं, स्टेनलेस, नक्की.

डॉक्टर बंगलोरला गेले. माझा तिसरा अर्जही नामंजूर झाला. म्हणजे मी खोटं बोललो नसतो तरी ते हत्यार माझं झालं नसतंच. मग आणखी राग आला, तो कोणावर काढावा हे कळेना.

पुढची पाच-सहा वर्षं खंडेनवमीला मी देवळ्याला जात राहिलो. न जाण्यासारखं कारण नव्हतं. पाटाच्या मधोमध सोनेरी रिव्हॉल्व्हर, भोवती विळे-कोयते. येणारा-जाणारा बघून जायचा. साडूची म्हातारी आई कौतुकानं म्हणायची, कितलं भारी शे. आणि साडू प्रत्येकाला सांगायचा की हे आमच्या साडूभाऊंनी पारखून दिलंय, त्यांनी आधीच सांगितलं होतं आत लोखंड हाय म्हणून. माझं कौतुक त्यानं जितक्या लोकांपुढे केलं तितकं माझ्या कारखान्यानंही कधी केलं नाही. मी मान खाली घालून लाडू खायचो.

चौथ्या की पाचव्या वर्षी सोनं निघायला लागलं. स्टेनलेसवर पाणी पक्कं बसत नाही, त्याला वेगळी तयारी लागते, ती त्या कारागिराला ठाऊक नव्हती. आधी घोड्याच्या टोकावरचं गेलं, मग नळीच्या कडांवरचं, मग चक्रावर चट्टे पडले. मी हादरून साडूकडे पाहिलं. तो मात्र खूश होता. सगळ्यांना हाका मारून त्यानं ते दाखवलं.

"बघा, साडूभाऊ म्हनले होते ना, पाच-सहा वर्षांत मुलामा निघंल? निघाला. याला म्हनतात पारख."

पाटावरच्या काकांच्या बंदुकीला कुंकवाच्या बोटाखाली तांबूस डाग पडला होता. तलवारीलाही. रिव्हॉल्व्हरवर सोनं निघालं होतं तिथं हळदीकुंकू लागलेलं होतं आणि खाली धातू पांढराशुभ्र होता, एक ठिपका नव्हता. पंचवीस माणसं बघत होती आणि मी सोडून कोणालाही ते दिसत नव्हतं.

माझा परवाना शेवटी आला तो सत्त्याऐंशीच्या सुमारास, नवे साहेब बदलून आल्यावर. बातमी बायकोनं बहिणीला कळवली. त्याच आठवड्यात साडू नाशकात हजर. त्यानं सरकारी कारखान्याचं नवं, काडतुसांचं रिव्हॉल्व्हर नोंदवलं होतं आणि टोपीचं तो मला द्यायला आला होता. मी नको म्हणालो. तो ऐकेना. पैशाचं नाव काढू देईना. म्हणाला, तुम्ही त्या दिवशी जेवताना म्हणाला होता ना की ते तुम्हाला मिळणार आहे? मला तेव्हापासून मनात खात होतं. डॉक्टर जायला निघाले म्हणून मी घाईत घेतलं, नाहीतर दुसऱ्या कोणी तरी नेलं असतं. तुमच्यासाठी जपलं असं समजा. त्यात मुलामा निघून गेला, तेवढं माफ करा.

त्यानं सात वर्षं माझ्यासाठी जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. त्याच्या पुस्तकातून काढायचं, माझ्या पुस्तकात चढवायचं. जाताना रिक्षात मी ठरवलं होतं की आज सांगायचं. कारकून वर्णन विचारेल तेव्हा मी स्टेनलेस स्टील म्हणेन, साडू चमकेल, विचारेल, आणि मग सगळं सांगून टाकीन. हवालदाराला इतक्या हत्यारांची वर्णनं सांगितली होती, एक खरं वर्णन स्वतःच्या हत्याराचं सांगायचं होतं.

कारकुनानं पुस्तक पुढे ओढलं, पेन उघडलं आणि वर्णन सांगा म्हणाला. मी घसा साफ केला. साडू टेबलावर कोपर टेकून पुढे झाला.

"लिहा, टोपीचं रिव्हॉल्व्हर, निकेलचं, वरतून सोन्याचं पानी दिलेलं. हे आमचे साडूभाऊ, यांनीच ओळखलं होतं ते. यांच्यासारखा डोळा नाशकात कोनाला नाय."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं.

"निकेलच ना?"

"हो," मी म्हणालो, "निकेल."

त्यानं लिहिलं, शिक्का मारला, पुस्तक माझ्याकडे सरकवलं. पायऱ्या उतरताना पिशवी माझ्या हातात होती. साडू रिकाम्या हातानं पुढे चालला होता, खाली पोचल्यावर उसाचा रस पिऊ म्हणत होता आणि कशावर तरी हसत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत उतरत होतो. हवं ते सगळं माझ्या हातात होतं, आणि तरी हेवा मलाच वाटत होता.